संघाबाहेरच्या मुलाचा तास: जेझुइट शाळेतील शारीरिक शिक्षण, काय करावे, काय टाळावे

जेझुइट शाळांचं नाव निघालं की लोक आधी इंग्रजीची आठवण काढतात, मग शिस्तीची आणि मग मैदानाची. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३), माझगावची सेंट मेरीज (१८६४), पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स (१८६७), धोबी तलावची सेंट झेवियर्स (१८६९). दीडशे वर्षांहून जुन्या या शाळांची खेळातली पुण्याई मोठी आहे. सुनील गावसकर झेवियर्सचे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेला हॉकीपटू विरेन रस्किन्हा स्टॅनिस्लॉसचा. अशा शाळांत पी.टी.च्या तासाला मोठा मान असेल, असं बाहेरच्याला वाटणं साहजिक आहे.

मान असतो, पण तो शाळेच्या संघाला. तासाच्या वाट्याला फारसा येत नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गातली आठ-दहा मुलं संघासाठी घाम गाळतात, उरलेली एक फुटबॉल घेऊन मैदानभर भटकतात, काही भिंतीच्या सावलीत बसून गप्पा मारतात. दहावीत गेल्यावर तेही बंद होतं. आपल्या बहुतेक शाळांत हेच चालतं, मग जेझुइट शाळांनाच वेगळं धारेवर का धरायचं? कारण प्रत्येक मुलाकडे स्वतंत्र व्यक्ती म्हणून लक्ष देऊ, असं त्या स्वतःहून सांगतात. हे बोलणं खरं किती, याची परीक्षा पी.टी.च्या तासाला होते, आणि तीही संघात नसलेल्या मुलापाशी. खालची यादी मुख्याध्यापक, पी.टी. सर-मॅडम आणि पालक यांच्यासाठी आहे. तिची मापं सगळी त्या मुलाच्या बाजूने घेतली आहेत.

काय करावे

• संस्थापकाचा मोडका पाय लक्षात ठेवा. इग्नेशियस लोयोला हा मुळात सैनिकी बाण्याचा सरदार. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळा लागून त्याचा पाय मोडला. हाड नीट बसलं नाही, वर उंचवटा राहिला. घट्ट बुटात तो वाईट दिसेल म्हणून भूल वगैरे काही नसण्याच्या त्या काळात त्याने ते हाड कापून घेतलं आणि जन्मभर लंगडत चालला. पुढे मानरेसा गावी त्याने इतके कडक उपास केले की पोटाचं दुखणं कायमचं मागे लागलं. यातून तो जे शिकला ते त्याने आपल्या जेझुइट धर्मसंघाच्या नियमांत उतरवलं: शरीराची हेळसांड करू नये, कामासाठी ते धड राहिलं पाहिजे. फ्रान्सिस बोर्जिया हा गांदियाचा ड्यूक उपासांचा अतिरेक करत होता. त्याला १५४८ मध्ये लिहिलेल्या पत्रात इग्नेशियसने उपास कमी कर, शरीराची काळजी घे, असं बजावलं आहे. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातल्या पहिल्याच सूचनेत चालणं, पायी प्रवास आणि धावणं यांचा दाखला येतो. तेव्हा 'आधी अभ्यास, शरीराचं नंतर बघू' असं जेझुइट शाळेत कोणी म्हणालं, तर त्याला संस्थापकाचा पाठिंबा नाही एवढं सांगता येईल.

• तासाचा हिशेब मांडा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. त्याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटं झाली. शाळेत पस्तीस मिनिटांचे दोन तास असतील तर ७० मिनिटं मिळतात. त्यातली दहा रांग लावण्यात आणि बूट बदलण्यात जातात. उरलेली भरपाई कुठून करायची, हे कागदावर लिहून काढा: मधली सुट्टी, शाळा भरण्याआधीचा अर्धा तास, शनिवारची सकाळ. जेझुइट शिक्षणाचा १५९९ चा मूळ आराखडा अभ्यासाच्या बाबतीत कमालीचा काटेकोर आहे, पण आठवड्यातून अर्धा दिवस तरी सुट्टी द्यायला तोही विसरलेला नाही.

• प्रत्येक मुलाचा चेंडूला हात किंवा पाय लागेल अशी तासाची आखणी करा. बावीस मुलांचा एक फुटबॉल सामना लावला की सहा जण खेळतात आणि सोळा बघतात. त्याऐवजी चार-चार जणांचे छोटे संघ करा, मैदानाचे चुन्याने तुकडे पाडा, गोलपोस्टच्या जागी दप्तरं ठेवा. चेंडू जास्त लागतील, पण ते चषकांच्या कपाटाहून स्वस्त पडतात.

• जागा कमी असेल तर खेळ जागेप्रमाणे निवडा. प्रत्येक जेझुइट शाळेला ऐसपैस मैदान नाही. झेवियर्सची मुलं पिढ्यानपिढ्या आझाद मैदानाच्या आसऱ्याने खेळली. कबड्डीचं मोठ्यांचं मैदानही १३ मीटर बाय १० मीटरमध्ये बसतं. खो-खोला २७ बाय १६ पुरतं. लंगडीला तर कोपरासुद्धा चालतो. खो-खोची मला विशेष तरफदारी करावीशी वाटते. आठ जण बसलेले असतात आणि एक धावत असतो, पण बसलेल्या आठांपैकी कोणाचंही लक्ष क्षणभर उडून चालत नाही. मागून खो मिळाला की उठून सुटायचं. वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीलासुद्धा या खेळात आपली पाळी मागावी लागत नाही, ती तिच्याकडे चालून येते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हे खेळ 'गावचे' म्हणून मागे पडतात. संगमनेरची ज्ञानमाता किंवा तलासरीचं ज्ञानमाता सदन यांसारख्या जेझुइट संस्थांना या खेळांचं वावडं नाही, मग मुंबई-पुण्यातल्या शाळांनाच का असावं?

• चेंडू न आवडणाऱ्यांची सोय करा. लेझीम, दोरीच्या उड्या, योगासनं, मल्लखांब, नाच यांतलं काहीही चालेल. नाचाला नाक मुरडणाऱ्या फादरांना सांगावं की सतराव्या शतकात पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ या जेझुइट कॉलेजातली मुलं नाटकांच्या मधल्या अंकात बॅले करत, आणि तो बघायला दरबारातली मंडळी येत.

• तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. पी.टी.चा तास जेझुइट शाळेत आणि इतरत्र वेगळा कशाने ठरतो, असं कोणी विचारलं तर माझं बोट या पाच मिनिटांकडे जाईल. जेझुइट धर्मगुरू रोज दोनदा थांबून दिवसाचा आढावा घेतात. १९९३ मध्ये शाळांसाठी जी अध्यापनपद्धती मांडली गेली तिच्यात संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन अशा पाच पायऱ्या आहेत. इतिहासाच्या तासाला त्या बसवायला शिक्षकांची दमछाक होते. मैदानावर त्या आयत्या असतात, कारण अनुभव नुकताच घडून गेलेला असतो आणि मुलांना अजून धाप लागलेली असते. मुलांना गोल बसवा आणि तीनच प्रश्न विचारा. आज कोणाला चेंडू मिळालाच नाही? चिडलास तेव्हा काय केलंस? पुढच्या तासाला काय बदलू या? सरांनी उत्तरं दुरुस्त करत बसू नये, भाषण तर मुळीच देऊ नये. पहिले काही आठवडे मुलं खिदळतील. नंतर एखादा अचानक म्हणेल, 'सर, आम्ही याला पास देतच नाही.' मग पुढच्या तासाला खेळाचा नियम बदला: गोल करण्याआधी संघातल्या प्रत्येकाचा पाय चेंडूला लागला पाहिजे. आढाव्यातून निघालेली गोष्ट मैदानावर उतरली नाही, तर आढावा म्हणजे नुसती प्रार्थनेची वेळ होते आणि मुलांना ते लगेच कळतं.

• मोजमाप करा, पण मुलाचं त्याच्याच जुन्या आकड्याशी. ६०० मीटर धावणं, ५० मीटरची धाव, बसून पुढे वाकणं, जोर, पोटाचे व्यायाम या चाचण्यांना पट्टी, शिट्टी आणि घड्याळ याहून फार काही लागत नाही. जूनमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा घ्या. प्रगतिपुस्तकात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. वर्गात पहिला कोण, हा रकाना ठेवू नका. सहाशे मीटर चालत पूर्ण करणारा मुलगा सहा महिन्यांनी अर्धं अंतर धावला, तर ती त्या वर्षातली वर्गाची सर्वांत मोठी कमाई असू शकते.

• आजारांची यादी पी.टी. सरांच्या खिशात हवी. दमा कोणाला, फिट कोणाला येते, हृदयाचं काही आहे का. पालघर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. अशा मुलाला पाणी कमी पडलं किंवा दमेपर्यंत पळवलं तर त्याचा जीव धोक्यात येतो. त्याला आळशी ठरवण्याआधी त्याचं कार्ड बघा. रमझानात रोजे ठेवणाऱ्या मुलांना उन्हातल्या धावण्याऐवजी गुण मांडणं, पंचगिरी करणं अशी कामं द्या, आणि त्यांनी मागितलं तर त्यांना खेळूही द्या. ऑक्टोबरच्या उन्हात घेरी आली, बोलणं असंबद्ध झालं तर मुलाला सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि डॉक्टरला बोलवा. 'बस जरा, बरं वाटेल' एवढ्यावर सोडू नका.

• हरायला शिकवा. १९८६ मध्ये रोमहून आलेल्या 'जेझुइट शिक्षणाची वैशिष्ट्ये' या दस्तऐवजात खेळांचं एक कारण यश आणि अपयश दोन्ही शालीनतेने स्वीकारता येणं, असं दिलं आहे. याचं उदाहरण शोधायला झेवियर्सला लांब जावं लागत नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. या सामन्याची गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते, पण समोर दिवसभर चेंडूमागे धावणारे अकरा जण कोण होते, हे कोणी विचारत नाही. ती झेवियर्सची मुलं होती. फलंदाजीला आल्यावर ती १४५ धावांत बाद झाली आणि गोलंदाजीतही कांबळीनेच सहा बळी घेतले. त्या दिवशी मार खाल्लेल्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. तो पुढे मुंबईसाठी वर्षानुवर्षं लेगस्पिन टाकत राहिला आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. शाळेने खेळाडू घडवला याचा दाखला म्हणून चषकाचा फोटो लावतात. माझं मत विचाराल तर त्या सामन्याची धावपत्रिका झेवियर्सने चौकटीत बसवून जिन्यात लावावी. आपण हरलो त्या सामन्याचीच.

• मोठ्यांना धाकट्यांचे प्रशिक्षक करा. पेद्रो अरूपे हे जेझुइट धर्मसंघाचे प्रमुख असताना १९७३ मध्ये वालेन्सियात जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. आपली शाळा दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवते का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता, आणि श्रोत्यांतल्या अनेकांना तो झोंबला. मैदानावर याला सोपं रूप देता येतं. नववीच्या मुलांनी पाचवीच्या मुलांना शनिवारी एक तास शिकवावं. संघात निवड न झालेल्यांना पंचाचं, गुणलेखकाचं आणि प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण द्यावं. शेजारच्या महापालिकेच्या शाळेला मैदान नसेल, तर आठवड्यातल्या दोन दुपारी फाटक उघडावं. विम्याचं काय, सुरक्षारक्षक काय म्हणेल, गवताचं काय, हे सगळे प्रश्न खरे आहेत. ते सुटतात.

• मुली असलेल्या शाळांत कपडे बदलायला बंद दार, चालू स्वच्छतागृह आणि पॅडची सोय आधी करा. नंतरच 'मुली मैदानावर येत नाहीत' अशी तक्रार करा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की बसायचं हे मुलगी ठरवेल, कारण विचारायचं नाही.

• पी.टी. शिक्षकाला शिक्षक माना. त्याने बी.पी.एड. केलेलं असतं. त्याला शरीरशास्त्र आणि प्रशिक्षणशास्त्र येतं. त्याच्याकडून रांगा लावून घेणं, घंटेवर देखरेख करवणं, केस वाढलेल्यांना पकडवणं आणि १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी सांभाळायला लावणं, एवढ्यावरच शाळा भागवत असेल तर पगार वाया जातो आहे. पालकसभेत त्याला गणिताच्या बाईंशेजारी टेबल द्या. मूल कोणाशी बोलत नाही, कोणाला घाबरतं, कोणाला मारतं, हे बहुतेक वेळा त्यालाच आधी समजलेलं असतं.

काय टाळावे

• फेऱ्या, उठाबशा आणि जोर शिक्षा म्हणून देऊ नका. गृहपाठ राहिला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या की धावणं म्हणजे शिक्षा, हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं. मग त्याच मुलाने सहाशे मीटर हौसेने धावावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, हेही खरं. जेझुइट शाळेने त्या आडोशाला उभं राहू नये.

• गणिताला तास उसना देऊ नका. तो परत मिळत नाही.

• दोन कॅप्टन उभे करून मुलं निवडायला लावू नका. शेवटी उरणारा मुलगा कोण हे वर्गाला आधीच माहीत असतं. तरी ते दर आठवड्याला सगळ्यांसमोर पुन्हा जाहीर करायचं, हा क्रूरपणा आहे आणि त्यात शैक्षणिक असं काहीही नाही. गट आधी कागदावर पाडून आणा. दोन मिनिटांचं काम आहे.

• वजन मोठ्याने वाचू नका. उंची-वजनाची नोंद पडद्याआड घ्या, आकडा फक्त मुलाला आणि घरच्यांना सांगा. 'जाड्या', 'काडी' ही नावं मुलं ठेवतात. सरांनी एकदा हसून वापरली की ती दहावीपर्यंत चिकटतात.

• स्पोर्ट्स डेच्या संचलनावर महिना घालवू नका. पाहुण्यांना सलामी देताना पाय एकसाथ पडले पाहिजेत म्हणून डिसेंबरभर मुलं उन्हात उभी राहतात, खेळाचे सगळे तास त्यात जातात, आणि प्रत्यक्ष दिवशी शंभर मीटरमध्ये वर्षानुवर्षं तीच सहा मुलं धावतात. संचलनाला आठवडा पुरे. उरलेल्या वेळात प्रत्येक हाऊसमधला प्रत्येक विद्यार्थी एका तरी शर्यतीत उतरेल अशी रिले आखा. हाऊसचे गुण विजेत्यांच्या संख्येवर ठरवता येतात तसे धावलेल्यांच्या संख्येवरही ठरवता येतात. एक वर्ष करून बघा, वातावरणच बदलतं.

• चषकासाठी बाहेरून तयार खेळाडू आणू नका. आठवीत अचानक तीन उंच मुलांचा प्रवेश होतो, ती वर्गात दिसत नाहीत, स्पर्धा संपली की शाळा सोडून जातात. त्यांचंही नुकसान आणि ज्यांची जागा गेली त्यांचंही.

• बारा वर्षांच्या मुलाला एकाच खेळाला जुंपू नका. तेच खांदे, तेच गुडघे वर्षभर वापरून दुखापती येतात आणि पंधराव्या वर्षी कंटाळाही येतो. हॉकीच्या मुलाला पावसाळ्यात फुटबॉल खेळू द्या, क्रिकेटवाल्याला कबड्डी.

• डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका. अंतिम सामना असला तरी नाही. मुलगा 'मी ठीक आहे' म्हणतो तेव्हाही नाही.

• संतांना हाऊसच्या रंगापुरतं ठेवू नका. अनेक शाळांत हाऊसचं नाव कोस्त्का असतं, मुलांना त्यापलीकडे काही ठाऊक नसतं. स्टॅनिस्लॉस कोस्त्का हा पोलंडच्या सरदार घराण्यातला मुलगा. घरच्यांचा विरोध होता म्हणून १५६७ मध्ये तो व्हिएन्नातून पायी निघाला, आधी जर्मनीतल्या डिलिंगेनला गेला आणि तिथून आल्प्स ओलांडून रोमला. प्रकृती नाजूक. वय सतराच्या आत. वर्षभराच्या आत तो वारला. या मुलाच्या नावाच्या शाळेने वर्षातून एकदा लांबची पायी सहल काढली तर ते शोभून दिसेल. त्यात शर्यत नको, वेळ मोजायची नाही, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं.

• मैदानावर धर्माचा आग्रह नको. मुंबई-पुण्यातल्या जेझुइट शाळांत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत. सामन्याआधी थोडा वेळ शांत उभं राहणं सगळ्यांना जमतं. प्रार्थनेची सक्ती करू नये, आणि सूर्यनमस्कारांचा बाऊही करू नये. ज्याला ते व्यायाम म्हणून करायचे आहेत त्याला करू द्या, ज्याला नको त्याला तितकाच घाम काढणारा दुसरा व्यायाम द्या.

• प्रशिक्षकाने मुलासोबत बंद खोलीत एकटं राहू नये. बाहेरगावच्या स्पर्धेला दोन मोठी माणसं सोबत हवीत, मुली असतील तर त्यातली एक बाई. कपडे बदलायच्या खोलीत फोन नको. मालिश, टेपिंग जे काही असेल ते चारचौघांत. तक्रार आली तर शाळेने आपल्या नावाची काळजी न करता पोलिसांना कळवायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक केलं आहे. फादर असो, सर असो, माजी विद्यार्थी असलेला नामांकित कोच असो, नियम एकच.

पालकांसाठी, थोडक्यात

क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी मुलाला नववीत एखाद्या खेळात 'घालू' नका. तिथले प्रशिक्षक ही मुलं लांबून ओळखतात. सामना बघायला या, पण सीमारेषेवरून सूचना देऊ नका. पोराला एका वेळी एकच आवाज ऐकू येतो, आणि तो सरांचा असावा. घरी आल्यावर 'जिंकलास का' आधी विचारू नका. 'आज खेळायला मिळालं का' हे विचारा. उत्तर सलग तीन-चार वेळा 'नाही' आलं तर शाळेत जाऊन भेटा. मुलाला संघात घ्या, असं सांगायला जाऊ नका. तासाला तो काय करतो, एवढंच विचारा. आणि दहावीच्या वर्षात संध्याकाळचा तासभर खेळ बंद करून क्लास लावलात, तर त्या तासात तो किती वाचतो ते एकदा बघून घ्या.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. जूनचं वेळापत्रक बसवताना दहावीच्या सगळ्या तुकड्यांचे पी.टी.चे तास आधी पेनाने लिहा. गणित आणि विज्ञान त्यांच्या भोवती पेन्सिलीने बसवा.